पान राखा, दाणा भरेल : गव्हाचे शेवटचे चाळीस दिवस

फेब्रुवारीत गहू उभा डोलत असतो. फुटवे चांगले, ओंब्या लांब, बांधावरून पाहणाऱ्याला वाटते की यंदा एकरी वीस क्विंटलची खात्री आहे. मग मळणी होते आणि पोती पंधरा-सोळा क्विंटलांवरच थांबतात. दाणा बारीक निघतो, चिरमटलेला निघतो, आणि बाजार समितीत मूठभर गहू तळहातावर घेऊन व्यापारी भाव पाडतो. ओंब्या तेवढ्याच, ओंबीतले दाणेही तेवढेच. कमी पडले ते एकेका दाण्याचे वजन.

या घटीमागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात. एक म्हणजे पान वेळेआधी गेले: तांबेऱ्याने, करप्याने, माव्याने, गारपिटीने किंवा पाणी न मिळाल्याने. दुसरे म्हणजे दाणे भरायच्या दिवसांत ऊन तापले. आपण या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करतो. रोगासाठी फवारणी घेतो आणि उन्हाबद्दल हवामानाला बोल लावतो. पिकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम एकच आहे. फुलोऱ्यानंतर हिरव्या पानाला काम करायला जितके दिवस मिळायला हवेत, तितके मिळत नाहीत. हे ध्यानात घेतले की पेरणीची तारीख, पाण्याची पाळी, फवारणीची वेळ आणि हात आखडता घेण्याची वेळ या सगळ्यांचा निर्णय सोपा होतो.

महाराष्ट्राचे गव्हाचे हेक्टरी सरासरी उत्पादन देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मे आहे. जिरायत क्षेत्र आणि अपुरे पाणी ही त्याची कारणे आहेतच, पण आपली थंडी तोकडी आहे हेही मोठे कारण आहे. थंडी लांबवणे आपल्या हातात नाही. त्या थंडीत पिकाची कोणती अवस्था बसवायची, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

उत्पादन कशाकशाने बनते

गव्हाचे उत्पादन तीन आकड्यांच्या गुणाकारातून येते: एका चौरस मीटरमधील ओंब्या, एका ओंबीतील दाणे आणि हजार दाण्यांचे वजन. समजा चौरस मीटरला ३५० ओंब्या आहेत, ओंबीत सरासरी ३५ दाणे आहेत आणि हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम आहे. हेक्टरी ४९ क्विंटल, म्हणजे एकरी साडेएकोणीस क्विंटलांच्या आसपास उत्पादन होते. ओंब्या आणि दाणे तेवढेच ठेवून हजार दाण्यांचे वजन ३२ ग्रॅमवर आले, तर हेच उत्पादन हेक्टरी ३९ क्विंटल, म्हणजे एकरी पावणेसोळा क्विंटलांवर उतरते. एकरी जवळपास चार क्विंटल गहू गेला आणि उभ्या पिकाकडे पाहून तो गेल्याचे कळलेही नाही.

हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या वेळी ठरतात. ओंब्यांची संख्या फुटवे येण्यापासून कांडी धरेपर्यंत ठरते. ओंबीतील दाण्यांची संख्या कांडी धरल्यापासून फुलोऱ्यानंतरच्या आठवड्यापर्यंत ठरते. दाण्याचे वजन त्यानंतर ठरते. थंड हवेत दाणा भरायला ३५ ते ४० दिवस मिळतात आणि या काळात एकेक दाणा दिवसाला साधारण एक ते सव्वा मिलिग्रॅमने वाढतो. वर ज्या आठ ग्रॅमांचा फरक पाहिला, तो अशा सहा ते आठ दिवसांच्या वाढीएवढाच आहे. आठवडाभर आधी पीक वाळले की एवढा फरक पडतो.

दाणा कोण भरतो

दाण्यातला बहुतेक पिठूळ भाग फुलोऱ्यानंतर तयार होतो. तो तयार करण्यात सर्वांत मोठा वाटा वरच्या पानांचा असतो, आणि त्यातही ओंबीखालच्या सर्वांत वरच्या पानाचा, म्हणजे ध्वजपानाचा. हे पान सर्वांत तरुण असते, त्याला ऊन पूर्ण मिळते आणि ओंबी त्याच्या अगदी जवळ असते. दाण्यात जाणाऱ्या अन्नापैकी ३० ते ५० टक्के एकट्या या पानाकडून येते असा अंदाज दिला जातो. त्याच्या खालच्या पानाचा वाटा त्याहून कमी, तिसऱ्याचा आणखी कमी. जमिनीलगतची पाने फुलोऱ्यापर्यंत सावलीत गेलेली असतात. ती पिवळी पडली म्हणून फार घाबरण्याचे कारण नाही.

पानांखेरीज ओंबी स्वतःही अन्न तयार करते. तिची हिरवी टरफले आणि कुसे, ओंबीखालचा हिरवा दांडा आणि पानाचा खोडाला वेढणारा भाग हे सारे कामाला असतात. म्हणूनच ध्वजपान पूर्ण गेले तरी त्याच्या वाट्याचे सगळे उत्पादन जात नाही. बाकीचे अवयव काही तूट भरून काढतात.

तिसरा आधार खोडाचा. फुलोऱ्याच्या आधी आणि त्यानंतरच्या काही दिवसांत पानांनी गरजेपेक्षा जास्त केलेले अन्न विरघळणाऱ्या साखरेच्या रूपात खोडात साठते. सगळे सुरळीत असेल तर दाण्याच्या वजनात या साठ्याचा वाटा १० ते २० टक्के असतो. पान गेले किंवा पाणी तुटले की हाच वाटा ३० टक्क्यांच्याही पुढे जातो. घरातली कणगी जशी अडचणीच्या महिन्यांसाठी भरून ठेवायची असते, तसा हा साठा आहे. तो एकदाच वापरता येतो, आणि आधी भरलेला असेल तरच.

पान कधी गेले यावर नुकसान ठरते

एकच गारपीट किंवा एकच कीड वेगवेगळ्या अवस्थेत वेगवेगळे नुकसान करते. म्हणून शेतात पाने गेलेली दिसली की आधी पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा.

पहिल्या महिन्यात, कांडी धरायच्या आधी, गव्हाचा वाढीचा शेंडा जमिनीच्या पातळीच्या आसपास सुरक्षित असतो. हरणांनी किंवा रोह्यांनी पाला खाल्ला, तणनाशकाने पाने थोडी भाजली, तरी मुळे शाबूत असतील तर पीक नवी पाने काढते. वेळेवर पाणी आणि नत्राचा दुसरा हप्ता दिला की यातली बरीच तूट भरते. मात्र ओंबी येण्याची तारीख काही दिवस पुढे सरकते, आणि तेच दिवस शेवटी उन्हात महाग पडतात.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पीक कांडी धरते तेव्हा शेंडा खोडातून वर सरकलेला असतो. आता खोड तुटले की तो फुटवा संपला. नुसती पाने फाटली असतील तर नुकसान मध्यम राहते.

पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. या वेळी वरची दोन पाने गेली तर दाण्यांची संख्याही घटते आणि उरलेल्या दाण्यांचे वजनही घटते. नवे पान आता येणार नसते, कारण ध्वजपान हेच शेवटचे पान.

चीक भरायच्या काळात पान गेले तर दाण्यांची संख्या टिकते, वजन घटते. खोडातला साठा या वेळी काही प्रमाणात सावरून घेतो. दाणा हुरड्यात येऊन घट्ट होऊ लागला की पान जाण्याने होणारी घट झपाट्याने कमी होते. ओंबीखालचा दांडा पिवळा पडला की दाण्याचे वजन ठरून गेले. त्यानंतर पान राहिले काय आणि गेले काय, काही फरक नाही.

ऊन नेमके काय करते

गव्हाचा दाणा १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या सरासरी तापमानात सर्वांत चांगला भरतो. दिवस-रात्रीची सरासरी १५ अंशांच्या वर गेली की पुढच्या दर अंशामागे दाण्याचे वजन साधारण ३ ते ५ टक्क्यांनी घटते, असे नियंत्रित तापमानातील प्रयोगांत दिसले आहे. जगभरातील गव्हाच्या अनेक संगणकीय प्रारूपांना प्रत्यक्ष प्रयोगांशी पडताळून २०१५ मध्ये आलेला एकत्र अंदाज दर अंशामागे ६ टक्के उत्पादन घटीचा होता.

ही घट अनेक वाटांनी येते. फुलोऱ्याच्या सुमारास तापमान ३० अंशांच्या वर राहिले की परागकण निकामी होतात आणि ओंबीत दाणे कमी धरतात. दाणे भरताना उष्णता वाढली की पिकाची घाई होते. वाढीचा दर थोडा वाढतो, पण दिवस त्याहून जास्त कमी होतात, म्हणून एकूण वजन घटते. शिवाय साखरेचे पिठात रूपांतर करणारी विकरे उष्णतेत मंदावतात. खोडात साखर शिल्लक असूनही दाणा चिरमटलेला राहतो, तो यामुळे. रात्री उबदार असतील तर पीक दिवसा कमावलेले अन्न श्वसनात जास्त खर्चते. म्हणून फेब्रुवारीत दुपारच्या तापमानाबरोबर पहाटेचे तापमानही पाहत जा.

आणखी एक वाट आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते: ऊन स्वतःच पान घालवते. उत्तर भारतातील गव्हाच्या शेतांची काही वर्षांची उपग्रह छायाचित्रे तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३४ अंशांवर तापमान गेलेल्या दिवसांनी पान पिकण्याचा वेग ठळकपणे वाढवल्याचे आढळले. म्हणजे तांबेऱ्याने पान जाते तसेच ते उन्हानेही जाते. फरक इतकाच की तांबेऱ्यात बोटाला तांबूस पूड लागते आणि उन्हात काहीच लागत नाही.

मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात मार्चमध्येच दाणा भरत असतो. केंद्र सरकारचा त्या वर्षीचा गहू उत्पादनाचा अंदाज फेब्रुवारीतल्या ११.१३ कोटी टनांवरून मे महिन्यात १०.६४ कोटी टनांवर आला, आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. पुढच्याच वर्षी, २०२३ चा फेब्रुवारी देशात विक्रमी उष्ण ठरला. उत्तरेतला शेतकरी मार्चला भितो, तसे आपण फेब्रुवारीला भ्यायला हवे. आपल्याकडे दाणा त्या महिन्यात भरतो.

दोन घाव एकदम का जड जातात

पान गेले आणि हवा थंड राहिली, तर पिकाला वेळ मिळतो. ओंबी, दांडा आणि उरलेली पाने काम करत राहतात, खोडातली साखर हळूहळू दाण्यात उतरते. पान शाबूत राहिले आणि ऊन वाढले, तर पान बाष्पीभवनाने पिकाला गार ठेवते. ओल असलेल्या शेतातल्या हिरव्या गव्हाचे तापमान भर दुपारी हवेपेक्षा काही अंशांनी कमी असते. हाताच्या पाठीने पान चाचपले तरी हे जाणवते.

दोन्ही एकदम झाले की हे दोन्ही आधार सुटतात. पान नाही म्हणून गारवा नाही. गारवा नाही म्हणून उरलेले पान आणि ओंबी लवकर वाळते. वेळ नाही म्हणून खोडातली साखर दाण्यापर्यंत पोचत नाही. उशिरा पेरलेल्या गव्हात तर आणखी एक अडचण असते. त्याची सुरुवातीची वाढही घाईत झालेली असते, खोड आखूड असते आणि साठा मुळातच कमी असतो. म्हणून तांबेऱ्याचे जे प्रमाण नोव्हेंबरच्या पिकाने सोसले असते, तेच प्रमाण डिसेंबरच्या पिकाला झेपत नाही. उशिरा पेरणाऱ्याने पानाची राखण जास्त काटेकोरपणे केली पाहिजे.

पेरणीची तारीख फुलोऱ्यापासून मोजा

पेरणी केव्हा करायची हे आपण शेत केव्हा मोकळे होते यावरून ठरवतो. त्याऐवजी फुलोरा केव्हा हवा ते आधी ठरवा. दाणे भरण्याचे ३५-४० दिवस जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा यांत बसले पाहिजेत. त्यासाठी फुलोरा जानेवारीच्या मध्यावर हवा.

१० नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाला साधारण ६५ दिवसांनी, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास, संक्रांतीला फुलोरा येतो. त्याचा दाणा थंडीत भरतो. १५ डिसेंबरला पेरलेला गहू वाढीची घाई करून साठ दिवसांतच, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर फुलोऱ्यात येतो. त्याचा दाणा मार्चच्या उन्हात भरतो. विदर्भ आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर असतो.

म्हणूनच बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीची शिफारस नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची आहे. त्यापुढे दर पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उत्पादन घटते असे धरले जाते, आणि १५ डिसेंबरनंतरची पेरणी परवडत नाही. फार लवकर पेरणेही योग्य नाही. ऑक्टोबरच्या उष्णतेत बागायती गहू पेरला तर फुटवे कमी येतात.

सोयाबीन काढल्यावर शेत वेळेवर मोकळे होते. कापूस, खरिपाचा कांदा किंवा ऊस काढल्यावर मात्र उशीर होतो. तिथे पुढील गोष्टी पाळा.

– उशिराच्या पेरणीसाठी शिफारस असलेलाच वाण घ्या. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा फुले समाधान (एनआयएडब्ल्यू १९९४) वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी आहे. एनआयएडब्ल्यू ३४ आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू ४६२७ हे उशिराच्या पेरणीचे वाण आहेत. त्र्यंबक, तपोवन आणि गोदावरी हे वाण वेळेवरच्या पेरणीसाठी ठेवा. पाणी एखादेच मिळणार असेल तर नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) पाहा.

– उशिराच्या पिकाला फुटवे कमी येतात. त्याची भरपाई बियाण्याने करा. वेळेवरच्या पेरणीला एकरी ४० किलो, तर उशिराला ५० किलो बियाणे वापरा आणि दोन ओळींतले अंतर २० ऐवजी १८ सेंटिमीटर ठेवा.

– १५ डिसेंबर उलटून गेला असेल तर गव्हाचा हट्ट सोडा. उन्हाळी भुईमूग, उन्हाळी मूग किंवा जनावरांसाठी चारा यांचा विचार करा. ज्या पिकाला ऊन मानवते, त्याला ते ऊन द्या.

पाणी हाच पिकाचा गारवा

दाणे भरण्याच्या काळात पाणी दोन कामे करते: पान हिरवे ठेवते आणि पीक गार ठेवते. गव्हाच्या पाण्याला संवेदनशील अवस्था ठरलेल्या आहेत: मुकुटमुळे फुटताना १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोरा आणि चीक भरताना ६५ ते ७० दिवसांनी आणि दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी.

पाणी कमी असेल तर वाटणी अशी करा. एकच पाणी मिळणार असेल तर ते ४०-४२ दिवसांनी द्या. दोन मिळणार असतील तर पहिले २०-२२ दिवसांनी आणि दुसरे ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. दोन पाण्यांच्या वेळापत्रकातले दुसरे पाणी फुलोऱ्याला दिलेले आहे, याकडे लक्ष द्या. शेवटच्या चाळीस दिवसांचे महत्त्व त्यातच आले.

पाटपाण्यावर असाल तर फेब्रुवारीचे आवर्तन केव्हा सुटणार हे आधी विचारून घ्या आणि विहिरीचे पाणी त्या मधल्या खंडासाठी राखून ठेवा. तापमान वाढण्याचा अंदाज आला की पाळी दोन-चार दिवस अलीकडे आणा. भिजवण हलके द्या. ओंब्या जड झालेल्या असताना भरपूर पाणी आणि त्यात वारा सुटला तर गहू लोळतो. लोळलेल्या पिकाची पाने एकमेकांच्या सावलीत जातात आणि आपण वाचवायला गेलेले पान त्यातच गमावतो. म्हणून वारा पडलेला असताना, संध्याकाळी किंवा रात्री पाणी द्या. तुषार संच असेल तर कमी वेळ चालवून हलके पाणी देणे सोपे जाते.

दुपारी पान गुंडाळले आणि संध्याकाळी पुन्हा उलगडले तर ताण नुकता सुरू झाला आहे. सकाळीही ते गुंडाळलेलेच दिसले तर पाण्याला उशीर झाला असे समजा.

रोग-किडींपासून वरची दोन पाने वाचवा

पोटरीपासून हुरड्यापर्यंत आठवड्यातून दोनदा शेतात तिरपे चाला. पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी दहा फुटव्यांची वरची दोन पाने दोन्ही बाजूंनी पाहा. शंभर पाने पाहून होतात आणि त्यांपैकी किती पूर्ण हिरवी, किती डागाळलेली, किती वाळलेली हे वहीत लिहिता येते. बांधावरून पाहून पिकाचे खरे रूप कळत नाही.

पानावर तांबूस-नारिंगी पुरळ दिसले आणि बोट फिरवल्यावर पूड लागली, तर तो पानावरचा तांबेरा. खोडावर आणि पानाच्या वेष्टणावर लांबट, गडद तपकिरी पुरळ असेल तर काळा तांबेरा. त्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात, हे आग्र्याच्या के. सी. मेहता यांच्या संशोधनातून पुढे आले. दक्षिणेकडून येणाऱ्या या रोगाच्या वाटेवर महाराष्ट्र आधी लागतो, आणि महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. बियाणे घेतानाच तांबेरा-प्रतिकारक वाण निवडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. तरीही पुरळ दिसले तर प्रोपिकोनॅझोल २५ ईसी १० लिटर पाण्यात १० मिलि किंवा मॅन्कोझेब २५ ग्रॅम या प्रमाणात फवारा.

करप्यात पिवळ्या कडेचे तपकिरी डाग येतात. तो खालच्या पानांवरून वर चढतो आणि उबदार, दमट हवेत वाढतो. तो ध्वजपानाच्या खालच्या पानापर्यंत आला की फवारणीची वेळ झाली. मॅन्कोझेबची फवारणी त्यालाही उपयोगी पडते.

ढगाळ हवेत आणि युरिया जास्त पडलेल्या दाट पिकात मावा येतो. आधी पानांवर, मग ओंबीवर. तो रस शोषतो, चिकट द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाला ऊन मिळेनासे होते. एका फुटव्यावर दहा-पंधरा मावा दिसू लागला तर थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी १० लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात फवारा. त्याआधी ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या किती आहेत ते पाहा. त्या भरपूर असतील तर दोन-तीन दिवस थांबा, मावा त्याच आवरतात. मावा बहुतेकदा बांधाच्या कडेने सुरू होतो. तेवढ्याच पट्ट्यात फवारणी केली तर खर्चही वाचतो आणि मित्रकीटकही. कोणतेही औषध घेताना डब्यावरचे प्रमाण आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ वाचा.

पान पिवळे दिसले की लगेच रोग समजू नका. खालची पाने टोकाकडून पिवळी होत असतील तर नत्र कमी पडले असण्याची शक्यता जास्त. नत्राचा निम्मा हप्ता पेरणीला आणि निम्मा पहिल्या पाण्याला दिला तर ही वेळ येत नाही. फुलोऱ्यानंतर युरिया फेकू नका. त्याने पीक लोळण्याची आणि मावा वाढण्याची भीती असते.

उन्हासाठी फवारणी

फेब्रुवारीत पारा चढण्याचा अंदाज असेल तर पोटॅशियम नायट्रेटची (१३:०:४५) २ टक्के फवारणी, म्हणजे २०० लिटर पाण्यात ४ किलो, पोटरीत एकदा आणि फुलोऱ्यात एकदा घेण्याची शिफारस लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने केली आहे. पालाश पानातले पाणी सांभाळायला आणि साखर दाण्याकडे वाहून न्यायला मदत करते. फवारणी सकाळी दव सुकल्यावर किंवा संध्याकाळी करा. भर उन्हात केली तर पानाची टोके भाजतात आणि हेतूच फसतो. मात्र ओल नसलेल्या शेतात फवारणी पाण्याची जागा घेऊ शकत नाही. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी पाणी द्या.

गारपीट झाली तर

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातली रब्बी पिके मोठ्या क्षेत्रावर झोडपली. त्यानंतरही अशी गारपीट येतच राहिली आहे. गारा पडल्यानंतर घाईने पीक मोडू नका. तीन-चार दिवसांनी शेतात जा आणि तीन गोष्टी मोजा: किती खोडे मोडली, किती ओंब्या फुटल्या आणि किती पाने नुसती फाटली. मोडलेल्या खोडाची ओंबी गेली असे धरा. फाटलेल्या पानाचा हिरवा भाग अजून काम करतो, त्याला पाण्याचा ताण पडू देऊ नका. हुरड्याच्या पुढे गेलेल्या पिकात पाने फाटल्याने फारसे बिघडत नाही. तिथे ओंबी आणि दाणे गळण्याचे नुकसान मोजा. पीक विमा घेतला असेल तर त्या हंगामात गारपिटीचे संरक्षण आहे का हे आधीच विचारून ठेवा, आणि असेल तर ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्या. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा, शेताची छायाचित्रे काढून ठेवा.

खर्च कुठे थांबवायचा

दाणा नखाने दाबून पाहा. पांढरे दूध निघाले तर दाणा चिकात आहे, अजून निम्म्याहून जास्त वजन भरायचे आहे. इथे पाणी आणि पान वाचवणारी फवारणी पैसे परत देते. पिठूळ लगदा निघाला तर दाणा हुरड्यात आहे. पानावर रोग नव्याने आला असेल तर त्यावर खर्च करण्यापूर्वी दहादा विचार करा, आणि पाणी मात्र जमीन कोरडी असेल तर हलके द्या. नख उमटले पण लगदा निघाला नाही, आणि ओंबीखालचा दांडा पिवळा झाला, तर खर्च बंद करा आणि काढणीची तयारी करा. या वेळी मारलेले औषध उत्पादन वाढवत नाही, उलट धान्यात त्याचा अंश राहण्याची भीती असते. हा गहू आपणच खाणार आहोत आणि आपल्यासारखीच माणसे खाणार आहेत.

मळणीनंतरचे निदान

पुढच्या हंगामासाठी चार नोंदी पुरेत: पेरणीची तारीख, निम्म्या ओंब्या बाहेर पडल्याची तारीख, ध्वजपान पूर्ण वाळल्याची तारीख आणि हजार दाण्यांचे वजन. काढणीआधी एका चौरस मीटरमधल्या ओंब्या आणि वीस ओंब्यांमधले दाणे मोजून ठेवा. सराफाकडच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हजार दाणे तोलता येतात.

मग उत्पादन कुठे घटले ते स्वच्छ दिसते. ओंब्या कमी असतील तर चूक पेरणीत, बियाण्यात, पहिल्या पाण्यात किंवा नत्रात शोधा. ओंब्या पुरेशा पण ओंबीतले दाणे कमी असतील तर कांडी धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे पाणी आणि फुलोऱ्यातले ऊन तपासा. दोन्ही चांगले आणि वजनच कमी असेल, तर फुलोऱ्यापासून ध्वजपान वाळेपर्यंत किती दिवस मिळाले ते मोजा. ते दिवस तीसच्या खाली असतील आणि तांबेरा-मावा नसेल, तर पुढच्या वर्षी पेरणी अलीकडे आणा किंवा वाण बदला. रोग असेल तर प्रतिकारक वाण घ्या आणि पाहणी आठवडाभर आधी सुरू करा.

हवामान बदलत आहे आणि फेब्रुवारी पूर्वीइतका थंड राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वाणाने, बापजाद्यांच्या अंदाजावर पेरणी करणे आता धोक्याचे आहे. स्वतःच्या शेताच्या तीन-चार वर्षांच्या या नोंदी हाताशी असतील, तर फुलोऱ्याची योग्य तारीख तुम्हाला तुमचेच शेत सांगेल. ती तारीख साधा, आणि फुलोऱ्यापासून हुरड्यापर्यंत वरच्या दोन पानांना पाणी, पाहणी आणि वेळेवरची फवारणी यांत कमी पडू देऊ नका.